ट्रकची देखभाल स्वतः करताय? मग आधी कामांचा क्रम लावा

एक-दोन ट्रक असलेले बरेच मालक निम्मी-अधिक सर्व्हिसिंग स्वतःच करतात, ड्रायव्हर-क्लीनरला हाताशी घेऊन. ते योग्यच आहे. रोज गाडीजवळ असणाऱ्याला तिच्यातला बदल जितक्या लवकर कळतो, तितक्या लवकर तो वर्कशॉपवाल्याला कळणं शक्य नाही. चुकतो तो क्रम. इंजिन तापल्यावर पाणी बघायचं, टायर गरम असताना हवा मोजायची, ग्रीस मारून मग गाडी धुवायची, ब्रेकच्या हवेच्या टाकीत पुरती हवा भरायच्या आत ब्रेक ठीक आहेत म्हणून मोकळं व्हायचं. कामं सगळी झालेली असतात, पण त्यातून जे कळायला हवं ते कळलेलं नसतं आणि बिघाड घाटात समोर येतो.

क्रम असा: थंड गाडीवरची कामं आधी, मग हवा भरल्यावरची, मग गाडीखालची, मग ऑइल आणि फिल्टर, मग बॅटरी आणि वायरिंग, आणि शेवटी गाडी फिरवून आणल्यावर गरम चाकांवरची. इथे हवेचे ब्रेक असलेला सहा ते बारा चाकी डिझेल ट्रक गृहीत धरला आहे. टाटा असो, लेलँड असो, आयशर किंवा भारतबेंझ असो, ऑइलचा ग्रेड, बदलण्याचे किलोमीटर आणि नट आवळण्याचा टॉर्क गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातूनच घ्यायचा. शेजारच्या गाडीला चालतं ते आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

टप्पा २, ३ आणि ४ मधल्या तपासण्या रोजच्या आहेत, सवय झाली की अर्ध्या तासाच्या आत होतात. दिवे पुसणं सोडलं तर बाकीचं किलोमीटरप्रमाणे.

## १. तयारी: जागा, ठोकळे, हत्यारं

गाडी रिकामी करा आणि सपाट, पक्क्या जागेवर लावा. पावसाळ्यात मुरमाची जागा वरून घट्ट दिसते, पण जॅकवर वजन आलं की खचते. अशा ठिकाणी जॅकखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट घातल्याशिवाय उचलू नका.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. मग ठोकळे, आणि मोठी चूक होते ती इथेच. बहुतेक ट्रकमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचा एक्सल जमिनीवरून उचलला की हँडब्रेकचा उपयोग संपला. पुढची चाकं मोकळी आहेत आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून मागे काम असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढे काम असेल तर मागच्यांना. ठोकळे तिरके कापलेले, लाकडी किंवा रबरी असावेत. दगड वापरू नका. तो एका टोकावर टेकतो आणि सटकतो, शिवाय रस्त्यात तसाच राहिला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

हत्यारांत हवेचं चांगलं गेज, ग्रीस गन, वजनाला पुरेल असा जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), व्हील पाना, फिल्टर पाना, ऑइल धरायला पसरट भांडं, मल्टिमीटर, बॅटरी (टॉर्च) आणि धागे न सुटणारं सुती कापड एवढं हवंच. पैसे जमले की पहिली खरेदी टॉर्क पान्याची करा. पाइप लावून, वर उभं राहून आवळलेला नट किती आवळला गेला हे कुणीच सांगू शकत नाही.

इशारा: जॅक फक्त उचलण्यासाठी. चाक काढायचं किंवा खाली जायचं असेल तर एक्सलखाली घोडी लावा, जॅक किंचित उतरवून वजन घोडीवर आलंय हे बघा, मगच हात घाला. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कधीही नाही. ते आधी न वाकता एकदम फुटतात. टिपरचा हौदा उचलून खाली काम करायचं असेल तर हौदा रिकामा आणि त्याचा आधाराचा दांडा लावलेला असलाच पाहिजे, नुसत्या हायड्रॉलिकवर विश्वास नको.

केबिन पुढे झुकवायची असेल तर आधी आतलं सामान काढा: टिफिन, पाण्याची कॅन, टॉमी (लोखंडी दांडा). सुटी राहिलेली टॉमी काच फोडते. केबिन पूर्ण पुढे जाऊन लॉक झाल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालू नका.

## २. सेल्फ मारायच्या आधी: थंड इंजिन

आधी खाली वाका आणि रात्रभर गाडी उभी होती ती जमीन बघा. काळा डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी-लाल कूलंटचा, वास येणारा पातळ डाग डिझेलचा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर हबचं सील गेलंय. ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं, म्हणून ही गोष्ट ‘पुढच्या फेरीनंतर बघू’ या यादीत टाकू नका.

मग डिपस्टिक. काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेला टेकलीच पाहिजे असं नाही आणि तिच्यावर तर जाताच कामा नये. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळते, फेस होतो आणि सील फुटतात. पातळीइतकंच ऑइल कसं दिसतं हेही बघायचं. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. न घालताच पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. दोन्ही वेळी गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवा.

कूलंट टाकीवरच्या खुणांवरून बघा. कमी असेल तर तेच कूलंट घाला, नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात सिलिंडरच्या लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात. एक दिवस तिथून पाणी ऑइलमध्ये जातं. अडीनडीला घातलंच तर पोहोचल्यावर कूलंटचं प्रमाण दुरुस्त करून घ्या. दर आठवड्याला पाणी कमी होत असेल तर भरत राहणं हा उपाय नव्हे, गळती शोधा.

इशारा: तापलेल्या रेडिएटरचं झाकण कापड धरूनही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा. साधारण १०–१५ मिमी दबला पाहिजे. कडेने धागे सुटलेले किंवा पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तर बदला. ज्या गाड्यांत पट्टा आपोआप ताणला जातो तिथे फक्त चिरा बघायच्या.

डिझेलच्या पहिल्या फिल्टरखाली पाणी साठायची वाटी असते. खालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा आणि ते पारदर्शक बाटलीत धरा, म्हणजे पाणी किती होतं ते दिसतं. पावसाळ्यात हे रोज. त्या दिवसांत रात्री टाकी रिकामी ठेवून गाडी लावू नका, मोकळ्या जागेतली दमट हवा थंड होऊन पाणी डिझेलमध्येच उतरतं.

१ एप्रिल २०२० नंतर विकलेल्या गाड्या बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा) आहेत आणि बहुतेक मोठ्या ट्रकना डिझेलशिवाय धूर स्वच्छ करणारं डीईएफही लागतं, ज्याला आपण युरिया किंवा ॲडब्लू म्हणतो. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असतं. पैसे वाचवायला खताचा युरिया विरघळवून घालणारे आहेत. त्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि इतर अशुद्ध घटकही असतात. त्याने नोझल चोंदतं आणि सायलेन्सरमधला महागडा भाग कायमचा जातो. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका. चावी दिली की पंप ते पुढे ढकलतो. टाकी आधी उपसून साफ करायची.

## ३. टायर आणि नट, तेही थंड असतानाच

चाललेल्या टायरची हवा तापून वाढते. ती ‘जास्त’ वाटली म्हणून सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. म्हणून मोजणी सकाळीच, आणि गेजनेच. टॉमीने ठोकून येणारा आवाज एवढंच सांगतो की टायर पूर्ण बसलेला नाही.

जोडचाकांत आतला टायर बघायला हात पोहोचत नाही म्हणून तो राहतो. तिथे व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या. जोडीतल्या एका टायरला हवा कमी असली की सगळं वजन दुसऱ्यावर येतं, आणि कमी हवेचा टायर चालताना दबत-घासत आतून जळत जातो. जोडी एकाच मापाची आणि सारख्या झिजेची हवी. नवा आणि झिजलेला टायर शेजारी बसवला तर नवा वजन उचलतो आणि जुना नुसता घासला जातो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड रोज बघा, खडी आणि वाळूच्या खेपा असतील तर दर खेपेला.

नक्षीच्या खोबणीत १.६ मिमी उंचीची लहान पट्टी असते. नक्षी तिच्या पातळीला आली की तो टायर कायद्यानेही बाद. एका बाजूने झीज म्हणजे अलाइनमेंट किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती), मधोमध झीज म्हणजे जास्त हवा, दोन्ही कडांनी म्हणजे कमी हवा, आणि थोड्या थोड्या अंतरावर खळगे म्हणजे शॉकअब बाद, बेअरिंग ढिलं किंवा चाक बॅलन्समध्ये नाही. टायर बदलण्याआधी कारण दूर करा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

नटाकडे बघताना गंजाची रेष शोधा. नटाखालून रिमवर उतरलेली ताजी तांबूस रेष दिसली, म्हणजे तो नट हलतोय. नुसता तोच आवळून पुढे जायचं नाही. सगळे नट तपासायचे, आणि रिमचं भोक लांबट झालंय का तेही. चाक बसवताना रिम आणि हब जिथे टेकतात तिथला गंज, माती, जाड रंग घासून काढा. नट समोरासमोर, तिरक्या क्रमाने आवळा. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी बघा.

इशारा: रिंगवाल्या रिमचा टायर काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. जोडचाकातलं एक खोलायचं असलं तरी दोन्हींतली. अशा चाकात हवा भरताना ते पिंजऱ्यात ठेवा आणि कुणीही रिंगच्या समोर उभं राहू नये. बसलेल्या, कमी हवेवर चाललेल्या टायरमध्ये थेट पूर्ण हवा भरू नका. आतल्या तारा तुटलेल्या असल्या तर बाजू फाटून स्फोट होतो. टायर चढलेल्या रिमला वेल्डिंग तर कधीच नाही.

## ४. हवा आणि ब्रेक

या टप्प्यात घाई करू नका.

पहिलं काम इंजिन चालू करण्यापूर्वीचं: हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढणं. प्रत्येक टाकीखाली कडी किंवा कॉक असतो. कोरडी हवा येईपर्यंत ओढून धरा, तोंड बाजूला ठेवा. एअर ड्रायर आहे म्हणून हे सोडू नका. उलट, ड्रायर असूनही टाकीतून वाटीभर पाणी निघत असेल तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय असं समजा. पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर कंप्रेसर ऑइल फेकतोय. हे पाणी आणि ऑइल पुढे व्हॉल्व्हमध्ये जातं, रबरं फुगवतं, आणि ब्रेक उशिरा लागायला किंवा उशिरा सुटायला लागतात.

आता इंजिन चालू करा. टर्बो असलेल्या इंजिनाला सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं ॲक्सिलरेटर न देता चालू द्या, लांबून आल्यावर बंद करण्याआधीही तेवढंच. दोन्ही सर्किटच्या सुया वर चढून स्थिर होईपर्यंत थांबा. दाब पूर्ण झाला की ‘फुस्स’ करून जास्तीची हवा बाहेर पडते. दाब चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय का हे रोज ऐकणाऱ्यालाच कळतं. वेळ वाढला म्हणजे गळती तरी आहे किंवा कंप्रेसर थकलाय.

मग या क्रमाने:

इंजिन बंद, चावी चालू, चाकांना ठोकळे आहेत याची खात्री, आणि हँडब्रेक सोडलेला. ठोकळ्यांशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. पायाने काही न दाबता मिनिटभर सुया बघा, त्या हलता कामा नयेत. मग ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून धरा. सुई सुरुवातीला थोडी उतरेल, ते बरोबर आहे. त्यानंतर ती जागेवर थांबली पाहिजे. उतरतच राहिली तर गळती आहे. पेडल एकाने धरावं आणि दुसऱ्याने चाकाचाकाशी जाऊन कान द्यावा. शंका येईल त्या जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

आता पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करा. दाब पुस्तकात दिलेल्या मर्यादेखाली गेला की बझर आणि लाल दिवा दोन्ही लागले पाहिजेत. बझरचा त्रास होतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात. ती वायर आजच जोडा. खंबाटकी किंवा कसारा उतरताना ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असतं, सुईवर नसतं. तिथे हवा संपतेय हे कानाला सांगणारं दुसरं काहीही गाडीत नाही.

स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठेवणारा भाग) साधे असतील तर लायनरची झीज हाताने भरून काढावी लागते. लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून, पुस्तकात दिलंय तेवढं मागे घ्यायचं. एकाच एक्सलच्या दोन्ही चाकांना सारखं, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. ॲडजस्टर ऑटो असतील तर मात्र ते पान्याने आवळत बसू नका. ऑटो ॲडजस्टर पुन्हा पुन्हा ढिला पडतोय याचा अर्थ तो स्वतः बाद आहे किंवा एस-कॅमचा (लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या दांड्याचा) बुश, ब्रॅकेट, लायनर यांपैकी काहीतरी गेलंय. आवळल्याने लक्षण झाकलं जातं, दोष तसाच राहतो.

इशारा: मागच्या चाकांचा जोड बूस्टर, ज्यात हँडब्रेकची स्प्रिंग असते, तो उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जातो. हे काम त्यासाठीचं खास हत्यार आणि माहितगार मिस्त्री असल्याशिवाय करायचं नाही.

तपासा: ठोकळे काढा, गाडी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. सरळ थांबली पाहिजे, पेडल सोडलं की चाकं लगेच मोकळी झाली पाहिजेत.

## ५. आधी धुणं, मग ग्रीस, मग पाटे

गाडीखालची माती काढल्याशिवाय ग्रीस मारलं तर निपलवरची वाळू ग्रीसबरोबर आत ढकलली जाते. आणि ग्रीस मारून मग प्रेशरने धुतलं तर पाणी सांध्यात शिरतं आणि तिथेच राहतं. म्हणून धुवा, निथळू द्या, प्रत्येक निपल कापडाने पुसा, मग गन लावा. धुताना प्रेशरचा फवारा अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट, हबचं सील आणि एअर फिल्टरचं तोंड यांच्यावर सरळ धरू नका.

निपलची संख्या गाडीच्या पुस्तकातल्या नकाशावरून मोजून घ्या आणि खडूने खूण करत जा. किंगपिन, पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकल पिना, जॉइंटचे (इंजिनची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि सरकता भाग, स्लॅक ॲडजस्टर, एस-कॅमचे बुश, काही गाड्यांत क्लचचं बेअरिंग. सुटतात ते नेहमी तेच: जॉइंट फिरवल्याशिवाय न दिसणारा क्रॉसचा निपल आणि चेसिसच्या आतल्या बाजूचा शॅकल. गन मारत राहायची ती जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत. किंगपिनला एक्सल उचलून, घोडीवर ठेवूनही ग्रीस मारा, कारण गाडी जमिनीवर असताना वजन पेलणाऱ्या बाजूला ग्रीस पोहोचत नाही. ग्रीस आत जातच नसेल तर निपल बदला. बाहेर पसरलेलं ग्रीस बघून ‘झालं’ म्हणू नका.

अपवाद एस-कॅमच्या बुशचा. तिथे दोन-चार दाब पुरे. जास्तीचं ग्रीस ड्रममध्ये जाऊन लायनरला लागतं, आणि मग त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. हबच्या बेअरिंगचं ग्रीसही वेगळं असतं, उष्णता सोसणारं. गनमधलं चेसिस ग्रीस तिथे भरू नका.

खाली आहातच तर पाटे बघा. तुटलेला पाटा माती धुतल्याशिवाय दिसत नाही. पाटे एकमेकांवरून तिरके सरकलेत का, सेंटर बोल्ट जागेवर आहे का, यू-बोल्टखाली गंजाची पूड निघतेय का. ढिल्या यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट कापला जातो आणि एक्सल मागेपुढे सरकतो. नवे पाटे किंवा यू-बोल्ट बसवले असतील तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. हे हमखास राहून जातं. जॉइंट दोन्ही हातांनी पिळून बघा, क्रॉसमध्ये ढिलेपणा जाणवला की बदला. चालत्या गाडीचा जॉइंट तुटून खाली पडला तर हवेचे पाइपही ओढून नेतो.

गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं (मागच्या एक्सलच्या डब्याचं) ऑइल पातळीच्या बोल्टवरून बघा. सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर नवं घालण्याआधी हाउसिंगवरचा श्वासाचा व्हॉल्व्ह साफ करा. तो मातीने बुजला की आतला दाब सीलमधून वाट काढतो.

## ६. इंजिन ऑइल आणि फिल्टर

ऑइल कोमट असताना काढा: इंजिन थोडं चालवून, बंद करून, काही मिनिटं थांबून. थंड ऑइल गाळ तळाशी सोडून येतं, उकळतं ऑइल हात भाजतं. बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर फिल्टरबरोबर आलं का ते हाताने बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरं एकावर एक येतात, आणि महामार्गावर सगळं ऑइल तिथून बाहेर पडतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे फिल्टरवर छापलंय तेवढंच.

ग्रेड ‘१५डब्ल्यू-४०’ एवढाच बघून थांबू नका. बीएस-६ गाडीला कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं ऑइल लागतं. जुन्या गाडीच्या कॅनमधलं घातलं तर धुरातली काजळी गाळणारा भाग राखेने भरत जातो. किलोमीटरही कामावर ठरतात. सरळ महामार्गावर चालणाऱ्या गाडीचं अंतर खाणीतल्या टिपरला किंवा फडात तासन्‌तास उभ्या उभ्या इंजिन चालणाऱ्या ऊस वाहतुकीच्या गाडीला लागू नाही. त्यांच्यासाठी पुस्तकात कठीण वापराचा वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो.

तपासा: भरल्यावर सेल्फ मारा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद. फिल्टर आणि बोल्टपाशी गळती बघा, बंद करा, थांबा, पुन्हा डिपस्टिक. जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे द्या.

डिझेलचा नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरू नका. ते गाळलेलं नसतं आणि बारीक कचरा सरळ इंजेक्टरपर्यंत जातो. फिल्टर कोरडा बसवून हातपंपाने भरा, हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप मात्र कधीच सैल करायचे नाहीत. त्यातला दाब हजार बारच्या पुढे असतो; त्या बारीक धारेने डिझेल कातडीच्या आत शिरतं. तसं झालं तर जखम केवढीही लहान दिसो, तडक दवाखाना.

एअर फिल्टर रोज काढून झटकणं हे जपणं नव्हे. दर वेळी काढताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते, आणि आपटल्याने कागदाला चिरा जातात. सूचक लाल झाला किंवा डॅशबोर्डने सांगितलं तरच काढा. कंपनीने परवानगी दिली असेल तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा, मग आत टॉर्च धरून बघा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर बाद. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा. चिरेतून शिरणारी धूळ फिल्टरला वळसा घालून जाते आणि नव्या इंजिनाचे पिस्टन-रिंग अकाली संपवते.

## ७. बॅटरी आणि वायरिंग

बहुतेक मोठ्या ट्रकचं काम २४ व्होल्टवर चालतं, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढली की ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येक बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. बदलायच्या झाल्या तर जोडीने.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हौद्याला किंवा फाळक्याला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडा, ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) सॉकेट पुस्तकाप्रमाणे काढा आणि वेल्डिंगची अर्थ वायर कामाच्या जवळच लावा. दहा मिनिटांच्या टाक्यापायी ईसीयू जाणं अजूनही सर्रास घडतं.

मागचे दिवे, ब्रेक लाइट, इंडिकेटर रोज पुसा आणि परावर्तक पट्ट्याही: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. चिखलाने झाकलेली पट्टी रात्री नसल्यासारखीच. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो, पण या पट्ट्या त्या दिवसापुरत्या लावायच्या नाहीत.

## ८. फिरवून आणल्यावर: गरम चाकं

तीस-चाळीस किलोमीटर नेहमीसारखी चालवून, मध्ये ब्रेक वापरून, गाडी थांबवा आणि लगेच चाकाचाकाशी जा. हाताची मागची बाजू हबच्या जवळ आणा, टेकवू नका. एका एक्सलच्या दोन चाकांची तुलना करायची आहे. एक स्पष्ट जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय, बेअरिंग जास्त आवळलंय किंवा त्यातलं ग्रीस संपलंय. उलट एक चाक थंड असेल तर त्याचा ब्रेक लागतच नाही. लोक गरम चाक शोधतात आणि थंड चाकावर खूश होतात, पण घाटात तेच चाक दगा देतं. साधं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर आकडे लिहून ठेवता येतात.

इशारा: तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. ओतीव लोखंडाला तडा जातो आणि तो पुढच्या जोरदार ब्रेकला उघडतो.

चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कने आवळायचेच. जोडाला बसायला तेवढं अंतर लागतं. ड्रायव्हर दुसरा असेल तर हे काम कुणी, कुठे करायचं ते निघण्याआधी ठरवा.

घरी हात घालू नये अशी कामं: स्प्रिंग बूस्टर, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप, टर्बो, स्टेअरिंग बॉक्स, हबच्या बेअरिंगचं सेटिंग, एबीएसचे दोष. त्यासाठी वर्कशॉपला जाताना वही बरोबर न्या. तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय घातलं आणि किती, कोणतं चाक गरम होतं. लिटरचे आकडे विशेष. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती लिटर ऑइल वरून घातलं हे सांगता आलं, तर मिस्त्री इंजिन खोलण्याआधीच निम्मं निदान करतो. चाक बसवल्याच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडा आणि नट पुन्हा आवळल्यावर तिथे किलोमीटर लिहा. ती ओळ कोरी दिसली तर गाडी भरायला लावू नका.